हंड्यांचा हिशेब

आज सातवीच्या वाचनाच्या तासाला हिवरे बाजारवरचा उतारा घेतला. ‘ताळेबंद’ या शब्दाला सगळे अडखळले. किराणा दुकानदाराच्या मुलाने अर्थ सांगितला. पाण्याचाही ताळेबंद असतो म्हटल्यावर वर्ग हसला. आपल्याच जिल्ह्यातलं गाव! पडलेला पाऊस मोजायचा, ग्रामसभेत बसून त्यावरून पिकं ठरवायची, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. हे घडवणाऱ्या पोपटराव पवारांना २०२० ची पद्मश्री मिळाली, हे मुलांना माहीत होतं. बोअरबंदीचं नव्हतं.

“म्हणजे पाणी असलं तरी ऊस नाही?” मागच्या बाकावरून एकीने विचारलं. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मी पान उलटलं. खरं तर उत्तर सुचलंच नाही.

खर्ड्याची ही मुलं इथली १७९५ ची लढाई, निजामाचा पराभव धडाधड सांगतात. घरात रोज किती हंडे पाणी लागतं, हे मात्र एकालाही सांगता येईना. म्हटलं, आठवडाभर मोजा, वहीत लिहा, मग शनिवारी मोठ्याने वाचा. वाचनाचा तास आहे ना!

घंटा झाली. दारात एकजण थबकला.

“बाई, टँकरवर भरताना सांडलेलं धरायचं का?”

“धर. वेगळ्या रकान्यात.”