एक जादा फोटो

पाटणच्या स्टुडिओत मी मामांच्या हाताखाली लागलो ते १९६७ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी. पहिलं काम मिळालं ट्रे हलवायचं. लाल दिव्याखाली कोरा ब्रोमाइड कागद डेव्हलपरमध्ये सोडायचा आणि एका लयीत ट्रे हलवत राहायचं. आधी केस दिसू लागतात, मग डोळे, आणि सगळ्यांत शेवटी गालावरचा उजेड. उन्हाळ्यात ट्रेखाली बर्फ, थंडीत कोमट पाणी. औषध वीस अंशांच्या आसपास राहिलं तरच चेहरा नीट उतरतो.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पुढचे कित्येक महिने नवा फोटो काढायला येणारे थोडे आणि जुना मागायला येणारेच जास्त. घर पडलेलं, भिंतीवरची फ्रेम मातीत गेलेली. “आमच्या आबांचा फोटू तुमच्याकडं असंल का?” मामांकडे असायचा. प्रत्येक निगेटिव्ह बटरपेपरच्या पाकिटात, पाकिटावर नंबर, नंबरासमोर वहीत नाव आणि गाव. मामांनी मला एकच नियम घालून दिला, “निगेटिव्ह फेकायची नाही. गिऱ्हाइकानं पैसे बुडवले तरी नाही.”

तेव्हा आमच्या भागात घरटी एक माणूस मुंबईला, गिरणीत नाहीतर माथाडीत. बायका तान्ह्या पोराला काजळ-तीट लावून स्टुडिओत आणायच्या. फोटो पाकिटातून मुंबईला जायचा. कित्येक बापांनी आपलं मूल आधी आमच्या फोटोतच पाहिलं.

असाच एक गिरणी कामगार आई गेली म्हणून गावी आला. तेराव्याला फ्रेम हवी होती आणि आईचा एकही फोटो नव्हता. वही चाळली. त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत ती सापडली. डोक्यावरचा पदर निम्म्या चेहऱ्यावर आलेला, आणि निगेटिव्हवर तो चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. एन्लार्जर पार वर नेला तसा चेहरा विरत गेला, नुसते ठिपके उरले. दोन रात्री ब्रश आणि पेन्सिल घेऊन बसलो. त्यानं फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला. “आईच हाय. पर आई हसायची ओ.”

ते हसू माझ्या ब्रशात नव्हतं. ते लग्नाच्या मांडवात होतं आणि तेव्हा मी कॅमेरा घेऊन तिथंच उभा होतो.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात मी एक जादा फोटो काढतो. चुलीपाशी, नाहीतर ओसरीच्या कोपऱ्यात बसलेली घरातली सगळ्यांत म्हातारी बाई शोधायची आणि तिला उजेडात बसवायचं. “माझा कशाला रं बाबा, नवरीचा काढ,” असं म्हणत ती हसते. त्याच क्षणी बटण दाबायचं. १२० च्या रोलवर बाराच फोटो निघायचे, रोलही महाग. तरी त्या फोटोचे पैसे मी कधी लावले नाहीत.

पुढे रंगीत रोल आले. त्यांची औषधं ३८ अंशांच्या जवळ अगदी काटेकोर सांभाळावी लागतात. ते छोट्या डार्करूमचं काम नव्हे, म्हणून रोल शहरातल्या लॅबला एसटीने जाऊ लागले. मग डिजिटल आलं, मग मोबाइल. लाल दिवा विझला. पण कृष्णधवल फोटो चांदीचा असतो. फोटो पक्का करणारं औषध, हायपो, पूर्ण निघेपर्यंत धुतला असेल, तर दोन पिढ्यांनंतरही टिकतो. रंगीत फोटोतले रंग मात्र हळूहळू उडतात.

आता पोरं बंद पडलेला मोबाइल घेऊन येतात. “काका, यात आजीचे फोटो होते.” त्याला माझ्याकडे इलाज नसतो. मग मी वही काढतो, आजीचं नाव, गाव, लग्नाचं साल विचारतो. कधी कधी पाकीट सापडतं. उजेडासमोर निगेटिव्ह धरली की काळ्या चेहऱ्यावर पांढरे केस दिसतात आणि ओठ किंचित उघडे.

या दिवाळीत घर भरेल, मोबाइलवर शेकडो फोटो निघतील. त्यातला एक कागदावर छापून घ्या, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाचा. मागे नाव, गाव, तारीख लिहा. आणि “माझा कशाला” असं म्हणतील, तेव्हाच काढा.