मोजकी माणसं, केवढी सेवा!

गेले काही महिने मी भेटेल त्याला धरून एकच गोष्ट सांगत सुटलेय. लोकलमध्ये, भाजीवालीपाशी, भिशीत. मी नुसतं 'अगं, तुला माहितीये का' म्हटलं तरी घरचे आता उठून आत जातात. पण करू काय! अख्खा जन्म ठाण्यात गेला. सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावरचं शार हाशामाईम सिनेगॉग, तेही १८७९ सालचं, मी कायम बाहेरूनच पाहत आले. आत प्रार्थना चालते एवढंच ठाऊक होतं. त्या प्रार्थनेभोवती माणसांनी माणसांसाठी करायच्या कामांचं केवढं जाळं विणलेलं असतं, ते मला आत्ता, या वयात कळतंय!

निमित्त अगदी साधं. माझी एक सहकारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी आहे. आडनाव 'कर'वालं, मराठी माझ्यापेक्षा चोख. तिच्या मावशींना तपासणीला न्यायचं होतं आणि तिला रजा मिळेना. मी म्हटलं, मी जाते. मावशींना घरी सोडलं, तर त्या म्हणाल्या, "बस गं, चहा घे. आणि वेळ असेल तर पलीकडच्या आजींकडे पण डोकावून ये, त्यांना हयातीचा दाखला द्यायचाय." झालं! तिथून जी अडकले ती अडकलेच. कुणाची औषधं आणायची, कुणाला बँकेत न्यायचं, कुणाचा इस्राएलमधला नातू व्हिडिओ कॉलवर येणार म्हणून मोबाइल चार्ज करून धरायचा. १९४८ नंतर बेने इस्राएलांची बहुसंख्य कुटुंबं तिकडे गेली. आज भारतात यहुदी उरलेत जेमतेम चार-पाच हजार. त्यामुळे मुलं अश्दोदला, दिमोनाला आणि आई-वडील ठाण्यात, अशी घरं पुष्कळ. त्यांची काळजी घ्यायची कुणी? उपासनेला एकत्र येणाऱ्या मंडळींनीच!

आणि ही काळजी कशी घ्यायची याचे नियम आहेत बरं का! मला तर ऐकून भरतंच आलं. आजाऱ्याला भेटायला जाणं हे त्यांच्यात धर्मकर्तव्य, त्याला 'बिकुर होलिम' म्हणतात. भेटायला येणारा दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो, असं तालमूद या त्यांच्या धर्मग्रंथात सांगितलंय. त्याहून मौज म्हणजे दिवसाच्या पहिल्या तीन तासांत आणि शेवटच्या तीन तासांत जाऊ नये, असंही तिथंच म्हटलंय. का? तर सकाळी आजाऱ्याला जरा बरं वाटत असतं, मग भेटणाऱ्याला वाटतं, आता प्रार्थनेची काय गरज! आणि संध्याकाळी दुखणं चढतं, तेव्हा पाहणाऱ्याचा धीरच सुटतो. केवढा बारीक विचार! मी नात्यातल्या कितीतरी माणसांना दवाखान्यात भेटून आले असेन, पण भेटीच्या वेळेचा असा विचार कधी मनात आला नव्हता.

मग मी प्रश्नांचा भडिमारच सुरू केला. दान किती करायचं? त्या सहकारी मैत्रिणीने सांगितलं, कमाईचा दहावा हिस्सा. बरं, आणि जास्त द्यावंसं वाटलं तर? तर पाचव्या हिश्श्याच्या वर जायचं नाही, नाहीतर उद्या देणाऱ्यालाच हात पसरावा लागेल! म्हणजे औदार्यालाही कुंपण घातलेलं. शनिवारी, म्हणजे शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशी पैशाला हात लावायचा नाही, म्हणून शुक्रवारी सांजेला दिवे लावण्याआधी दानपेटीत नाणं टाकायची चाल पुष्कळ यहुदी घरांत आहे. पुरिमच्या सणाला गरिबांना दान देणं प्रत्येकाला बंधनकारक. जो स्वतः दानावर जगतो त्यालाही! मी विचारलं, "अगं, त्याने का द्यायचं?" ती सहज म्हणाली, "त्यालाच का वगळायचं?" मी गप्पच झाले. देण्याचा मान गरिबाकडूनही काढून घ्यायचा नाही, हे मला कुणी इतक्या सोप्या शब्दांत कधी सांगितलं नव्हतं.

बाराव्या शतकातले मायमोनिदिस हे मोठे वैद्य आणि धर्मशास्त्री. त्यांनी तर दानाच्या आठ पायऱ्या लावून दिल्यात. सगळ्यांत खालची म्हणजे कुरकुरत दिलेलं. मग हसतमुखाने पण कमी दिलेलं, मग मागितल्यावर दिलेलं, मग मागायच्या आधीच दिलेलं. असं चढत चढत देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा, इथवर येतं. मला वाटलं, संपलं. पण नाही! सगळ्यांत वरची पायरी म्हणजे माणसाला काम मिळवून देणं, कर्ज देणं, धंद्यात भागीदार करून घेणं, म्हणजे त्याच्यावर पुन्हा मागायची वेळच येऊ नये. हे वाचलं आणि मला आपल्या आसपासच्या कितीतरी गोष्टी उलगडल्या. १८८० साली रशियात यहुद्यांना हस्तकला आणि शेती शिकवायला सुरू झालेली ओआरटी ही संस्था मुंबईतही का आली, ते कळलं. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत बेने इस्राएल समाजाच्या मुलांसाठी शाळा का काढली, तेही कळलं. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. आज तिथे शिकणारी बहुतेक मुलं यहुदी नाहीत, मुसलमान आहेत. एका छोट्या समाजाने स्वतःच्या लेकरांसाठी लावलेला दिवा शेजाऱ्यांच्या पोरांना उजेड देतोय!

आणि याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड! हे नाव मला ठाऊक नव्हतं याचंच नवल वाटतं. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या त्या प्रमुख होत्या, हजारो बायकांची बाळंतपणं त्यांच्या देखरेखीखाली झाली, १९६६ साली पद्मश्री मिळाली. आणि याच बाईंनी १९२५ साली मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी उपासना-मंडळी उभी करण्यात पुढाकार घेतला. दवाखाना आणि देवघर या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या वाटा नव्हत्याच. पुण्याचं ससून हॉस्पिटल ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं ते डेव्हिड ससून बगदादी यहुदी. त्यांनीच पुण्यातलं ओहेल डेव्हिड, म्हणजे आपलं लाल देऊळ, बांधायला घेतलं. हॉस्पिटल आणि देऊळ, दोन्ही १८६७ सालची! पुणेकर रोज या दोन्हींवरून जातात.

मिन्यानबद्दल तर किती सांगू! ठरावीक प्रार्थनांना दहा प्रौढ पुरुष जमलेच पाहिजेत, त्याशिवाय त्या म्हणता येत नाहीत. कुणाचे वडील गेले, त्याला कद्दीश, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना म्हणायचीय आणि नऊच जण आहेत, मग फोनाफोनी सुरू. "अरे, एक कमी पडतोय, येतोस का?" आणि माणूस येतो, गेलेल्याशी ओळख नसली तरी येतो. शोकाच्या घरी पहिलं जेवण घरच्यांनी शिजवायचं नाही, ते बाहेरच्यांनी आणायचं. आपल्याकडे शेजारून पिठलं-भात येतो ना, अगदी तसं. मृतदेहाला स्नान घालून कफन नेसवणारे स्वयंसेवक वेगळे. या सेवेला ते सर्वांत निर्मळ मानतात, कारण ज्याची सेवा करायची तो परतफेड करूच शकत नाही. आणि कफन सगळ्यांचं सारखं, साधं पांढरं. पूर्वी अंत्यविधीच्या खर्चाने गरीब घरं मेटाकुटीला यायची, म्हणून रब्बान गमलीएल या थोर धर्मगुरूने स्वतःसाठी साधं कापड मागितलं आणि तोच रिवाज पडला. एका माणसाने घातलेला पायंडा, आणि दोन हजार वर्षं गरिबाच्या घराची लाज झाकली गेली!

या सगळ्यात मी परकी. प्रार्थनेत माझं काम नाही आणि मी मध्ये लुडबुडतही नाही. पण मलिद्याच्या तयारीला मला हक्काने बोलावतात! एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने करतात तो नैवेद्य. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर सुकामेवा, भोवती फळं. नारळ खवायला बसलं की एकेकीच्या तोंडून कोकण बाहेर पडतं, नवगाव, रेवदंडा, पेण, रोहा. नव्याचा सण, खिरीचा सण अशी सणांची अस्सल मराठी नावं कानावर पडतात आणि मला वाटतं, ही माणसं आजवर होती कुठे? होती तिथेच होती. मीच रस्त्याच्या पलीकडून चालत होते.

पावसाळा संपल्यावर या मंडळींबरोबर कोकणातल्या एका दफनभूमीत गवत काढायला गेले. कंबर मोडली, पण दगडांवरची हिब्रू आणि मराठी अक्षरं शेजारी शेजारी मोकळी होताना पाहिली. गावात यहुद्यांचं एकही घर उरलेलं नाही. विळे घेऊन मदतीला आले ते गावातलेच लोक, हिंदूही आणि मुसलमानही. कुणी निमंत्रणाची वाट पाहिली नाही.

मला यातून एक गोष्ट पक्की कळली. सेवा मनाच्या उमाळ्यावर सोडली की उमाळा ओसरतो. तिला वार, वेळ, हिस्सा आणि पाळी लावून दिली की ती चालत राहते, माणसं मोजकी असली तरी. किंबहुना मोजकी असतात तेव्हा प्रत्येकाला कळतं, आपण गेलो नाही तर खरोखर एक कमी पडेल. मोठ्या समाजात आपण सगळे 'कुणीतरी करेल' म्हणून निवांत असतो. तिथे तो 'कुणीतरी' उपलब्धच नाही!

राज्य सरकारने २०१६ साली यहुदी समाजाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला, छान झालं. पण शेजारी म्हणून आपलंही काही काम आहेच. ठाणे, मुंबई, पुणे, अलिबाग, पनवेल, जिथे सिनेगॉग जवळ असेल तिथे जा. आधी फोन करून विचारा, ओळखपत्र बरोबर ठेवा, डोकं झाका, शब्बाथला फोटो काढू नका. आणि नक्षीकाम बघून झालं की तिथल्या एखाद्या आजोबांना नाहीतर मावशींना विचारा, "काही काम आहे का?" असतंच.