बाल्कनीतला हस्त बहार

हस्ताचा पाऊस ओसरला की नाशिक जिल्ह्यात बहाराची बोलणी सुरू होतात. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या गोडी छाटणीसाठी मजुरांच्या टोळ्या बागांत उतरतात. सटाणा-देवळ्याकडे ज्यांनी डाळिंबाचा हस्त बहार धरला असेल, त्यांच्या झाडांवर शेंदरी कळ्या दिसू लागतात. शहरात दसऱ्याच्या झेंडूचे ढीग पडतात. याच दिवसांत गंगापूर रोडवरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरही एक बहार धरला जातो. त्याला कात्री लागत नाही आणि मातीही लागत नाही. तो ऑर्किडचा.

मातीशिवाय झाड, ही गोष्ट इथल्या माणसाच्या सहजासहजी गळी उतरत नाही. काळ्या जमिनीच्या जोरावर उभा राहिलेला हा जिल्हा. कुंडीत कोळसा, विटेचे तुकडे, नारळाची सोडणं आणि पाइनची साल एवढंच दिसलं की पाहुणे हमखास विचारतात, "माती भरायची राहिली वाटतं?" मग मी फॅलेनॉप्सिस या ऑर्किडची एक कुंडी त्यांच्या हातात देते. कुंडी पारदर्शक प्लास्टिकची, त्यामुळे आतली मुळं दिसतात. जाडजूड, गुळगुळीत, चंदेरी पांढरी. वरून पाणी सोडलं की ते जसजसं खाली उतरतं, तसतशी मुळं एकेक करून हिरवी होत जातात. मुळाभोवती मृत पेशींचा सच्छिद्र थर असतो. कोरडा असताना तो पांढरा दिसतो, पाणी प्यायला की त्यातून आतला हिरवा गाभा दिसायला लागतो. या मुळांत हरितद्रव्य असतं, पानांइतकाच त्यांनाही उजेड आवडतो. ऑर्किडला पाणी कधी घालायचं, याचं बरंचसं शास्त्र या दोन रंगांत आलं. मुळं पांढरी दिसली की पाणी, हिरवी आहेत तोवर हात मागे. घराघरांत ऑर्किड मरतात त्या बहुतेक रोजच्या पाण्याने. दुर्लक्षाने फार थोड्या.

आपल्या सह्याद्रीतही ही मंडळी आहेत. मराठीत त्यांना आमरी म्हणतात. जुन्या आंब्यांच्या, मोहांच्या फांद्यांना बिलगून त्या पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पण कित्येक ठिकाणी त्यांना बांडगूळ समजून कोयत्याने खरवडून टाकतात, आणि हे पाहिलं की माझा जीव तुटतो. बांडगूळ फांदीत शिरून झाडाचा रस ओढतं. आमरी फांदीला फक्त धरून राहते. पावसाचं पाणी, दव, सालीच्या खाचेत कुजलेला पाचोळा, एवढ्यावर तिचं भागतं. यजमान झाडाचं ती काही खात नाही. पावसाळ्याच्या तोंडाला सीतेची वेणी ही आमरी फुलते, तेव्हा पानांतून गुलाबी-पांढऱ्या फुलांचा भरगच्च घोस खाली लोंबतो. आसामात तेच फूल बिहूच्या नाचात बायका केसांत माळतात. पंचवटीच्या गावात तरी ते ओळखीचं असावं, असं मला फार वाटतं.

नोंदी झाल्या नाहीत असं नाही. फादर सांतापाऊ आणि कपाडिया यांचा मुंबई इलाख्यातल्या ऑर्किडवरचा इंग्रजी ग्रंथ १९६६ मध्ये आला, आणि नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा लक्ष्मीनरसिंहन आणि शर्मा यांचा ग्रंथ १९९१ मध्ये. पण ग्रंथ कपाटात राहतात. आमरी राहतात बांधावर, आणि तिथे गाठ कोयत्याशी असते.

जमिनीवरच्या आमरींचं वेळापत्रक मात्र माझ्या बाल्कनीच्या अगदी उलट. घाटमाथ्यावरच्या पठारांवर पावसाळ्यात हबेनारियाची पांढरी फुलं गवतातून डोकं काढतात. आश्विनात गवत पिवळं पडू लागलं की त्यांचे दांडे वाळतात, पानं नाहीशी होतात, आणि सगळं झाड जमिनीखालच्या लहानशा कंदात जाऊन पुढच्या मृगाची वाट बघतं. ऑक्टोबरात अंजनेरीसारख्या डोंगरावर फिरणाऱ्याला तिथे आमरी होती याची खूणसुद्धा दिसत नाही. त्याच आठवड्यांत घरातल्या ऑर्किडना जाग येते.

जागं करते ती रात्र. नाशिकचा ऑक्टोबर विचित्र असतो. दुपारी पारा ३२-३३ अंशांवर, रस्त्यावर चटका बसतो. पहाटे १८-१९ अंश, पायाशी चादर ओढावी लागते. फॅलेनॉप्सिस दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटून घेते आणि रात्री उघडते. उन्हात पाणी उडू नये म्हणून लागलेली ही सवय. काही आठवडे सलग गारवा मिळाला, दिवसाचं तापमानही सावलीत २५-२६ अंशांच्या आसपास उतरलं, की पानाच्या बेचक्यातून फुलाचा दांडा निघतो. पान कितीही मोठं असो, खत कितीही भारी असो, गारव्याशिवाय ती दांडा देत नाही. म्हणून नवरात्र सरलं की मी कुंड्या रात्री आत घेत नाही. खिडकी उघडी, पडदा बाजूला. घरातल्यांनी शाली काढल्या तरी कुंड्या बाहेरच.

याच सुमारास ऊन मात्र फसवतं. सूर्य दक्षिणेकडे कलतो, आणि पावसाळाभर जिथे नुसता उजेड येत होता त्या कठड्यावर अकराच्या सुमारास तिरीप थेट पानांवर पडते. फॅलेनॉप्सिसचं पान एका दुपारीत भाजतं. आधी पांढुरका डाग, मग तपकिरी, कागदासारखा कोरडा. कोजागरीच्या आत हिरवी जाळी एक हात खाली ओढायची आणि कुंड्या आतल्या रांगेत घ्यायच्या, हे आमच्या घरात ठरलेलं काम आहे. पानाला हात लावून बघायचा. पान गरम लागलं तर जागा चुकली.

घटस्थापनेला आमच्याकडे काळ्या मातीत गहू पेरतात. चार दिवसांत कोंब वर येतात, नवव्या दिवशी पिवळसर हिरवा तुरा. गव्हाचा दाणा शिदोरी बांधून आलेला असतो. ऑर्किडच्या बियांजवळ शिदोरीच नसते. एका शेंगेत लाखो बिया, धुळीइतक्या बारीक, वाऱ्यावर तरंगणाऱ्या, आणि एकीतही साठवलेलं अन्न नाही. रानात योग्य ती बुरशी भेटली, तिने बाहेरून अन्न पुरवलं, तर त्यांतली एखादी जगते. १८९९ मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकाला हे नातं उमगलं. मग १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या माध्यमावर बुरशीवाचून बिया रुजवून दाखवल्या. १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकाच्या पेशींपासून रोपं करण्याची वाट मोकळी केली. आज नर्सरीत काही शे रुपयांना जे रोप मिळतं ते असं माध्यम भरलेल्या काचेच्या बाटल्यांमुळे. त्याआधी ऑर्किड हवी तर जंगल ओरबाडावं लागे. शरदातच फुलणारी निळी वांडा हे त्याचं सर्वांत दुःखद उदाहरण. खासी टेकड्यांतल्या झाडांवर ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात निळ्या-जांभळ्या घोसांनी डवरते. १८५० मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर तिथे गेले तेव्हा लंडनच्या क्यू उद्यानासाठी त्यांनी तिची सात माणसांच्या डोक्यावरची ओझी गोळा केली, आणि त्यांतली फार थोडी झाडं इंग्लंडला जिवंत पोहोचली. हूकर यांनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. म्हणून कुणी घाटातून खरवडून आणलेली आमरी विकायला बसलं असेल तर घेऊ नये. बाटलीत जन्मलेली रोपं बाजारात भरपूर आहेत.

खतापाण्याच्या बाबतीत नाशिककर असण्याचा फायदा आहे. १९:१९:१९ आणि ०:५२:३४ ही विद्राव्य खतं द्राक्षपट्ट्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. बागायतदार ती किलोंनी नेतात, ऑर्किडला लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम पुरतो. पाऊस असेपर्यंत पिंपात पागोळ्यांचं पाणी धरायचं. ते संपलं की गंगापूर धरणाचं नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून वापरायचं. पाणी सकाळी, आणि पोंग्यात थेंब राहिला तर कापसाने टिपून घ्यायचा. पावसाळ्यानंतर गोगलगायी आणि पिठ्या ढेकूण यांच्यावरही डोळा ठेवावा लागतो, मुळांची कोवळी टोकं गोगलगायींना फार आवडतात.

मध्ये एका दिवाळी पाडव्याला बहीण आणि दाजी सटाण्याहून आले. दाजींची डाळिंब आणि द्राक्ष दोन्हींची बाग. चहाचा कप घेऊन ते बाल्कनीत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी गेले तर डेंड्रोबियम नोबिलेच्या कुंडीपुढे वाकून एक काडी अंगठ्याने दाबून बघत होते.

"ताई, काडी चांगली पक्व झालीय. पाणी तोडलं का नाही अजून?"

"तोडलं, दाजी. दसऱ्यापासून खतही बंद आहे."

"मग बराबर. आता ताण बसू दे तिला. पानं गळाली तरी घाबरू नका."

ऑर्किड त्यांनी त्याआधी हातात धरलेली नव्हती. पण नोबिलेचं सगळं मर्म त्यांच्या अंगठ्याला कळलं होतं. पावसाळ्यात वाढलेली रसरशीत काडी शरदात थांबते. तेव्हा पाणी आणि खत कमी केलं, रात्री १०-१५ अंशांपर्यंत उतरू दिल्या, की पेरांवरचे डोळे फुलांचे होतात आणि माघ-फाल्गुनात काडी अंगभर फुलते. पाणी-खत चालू ठेवलं, गारवा मिळाला नाही, तर तेच डोळे फुलांऐवजी पिल्लं काढतात. मुंबईच्या माझ्या मावसबहिणीकडे वर्षानुवर्षं पिल्लंच येतात, कारण तिथल्या दमट रात्रींत नोबिलेला हवा तितका गारवा नसतो. नाशिकला डिसेंबरात तो आपोआप मिळतो. सह्याद्रीतली डेंड्रोबियम बार्बाट्युलमही हाच ताण सोसते. पावसाळा संपला की पानं टाकते, नुसत्या उघड्या काड्या फांदीवर राहतात, आणि थंडी सरताना त्याच काड्यांच्या टोकांना पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली फुलं येतात.

"आणि हिला?" दाजींनी फॅलेनॉप्सिसकडे बोट केलं.

"हिला ताण चालत नाही. हिच्याकडे काडीच नाही साठवायला. हिला फक्त गारवा."

दाजींनी मान डोलावली आणि पान उचलून खालचं बेचकं पाहिलं. तिथे काहीतरी हिरवं डोकावत होतं. कार्तिकातला माझा सगळा जीव या बेचक्यांत असतो. तिथून निघणारं टोक दांड्याचं की मुळाचं, हे पहिल्या आठवड्यात सांगता येत नाही. दोन्ही हिरवी, दोन्ही चकचकीत. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत राहतं आणि मागून पांढरं पडत खाली वळतं. दांड्याचं टोक एका बाजूने चपटं होतं, पोपटाच्या चोचीसारखं किंचित वाकतं, आणि उजेडाकडे चढतं. मी भिंग लावून बघते. मूळ निघालं तरी वाईट वाटत नाही, मूळ म्हणजे तब्येत. पण दांडा आहे अशी खात्री पटली की त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बाल्कनीत बोलावलं जातं. त्यानंतर कुंडी फिरवायची नाही, कारण दांडा उजेडाच्या दिशेने वळतो आणि दिशा सारखी बदलली तर वाकडातिकडा होतो. वीतभर झाला की बाजूला काठी लावून सैल बांधायचा. पहिलं फूल उघडायला अजून तीनेक महिने लागतात. त्र्यंबकला महाशिवरात्रीची गर्दी होते, त्या सुमारास आमची फॅलेनॉप्सिस फुललेली असते, आणि ती फुलं दोन-अडीच महिने टिकतात.

शरदात प्रत्यक्ष फुलते ती संकरित डेंड्रोबियम, बाजारातल्या हारांत दिसतात त्या जातीची. तिची पावसाळ्यात वाढलेली काडी भाद्रपद-आश्विनात टोकाशी दांडा काढते आणि दिवाळीत जांभळी फुलं खालून वर उमलत जातात. फराळाच्या दिवसांत घरात सफरचंदं, केळ्यांचे फणे येतात. पिकत्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या पिवळ्या पडून गळतात, म्हणून फळांची परडी स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला. लक्ष्मीपूजनाला सासूबाई दोन फुलं मागतात. मी पूर्ण दांडा कापून देते, कारण वर्षभर जपलेल्या झाडाची फुलं त्या संध्याकाळी समईच्या उजेडात बघण्यासारखं दुसरं सुख मला ठाऊक नाही.

निघताना दाजींनी डेंड्रोबियमचं एक पिल्लू मागितलं. मुळं बोटभर झालेली होती, म्हणून मी ते काडीपासून सोडवून ओल्या मॉसमध्ये गुंडाळून दिलं. बांधावरच्या जुन्या आंब्यावर बांधायचं त्यांच्या मनात होतं. मी सांगितलं, की थंडीभर घराच्या पडवीत टांगा, मृगाचे ढग आले की सुती दोरीने खोडाच्या सावलीच्या बाजूला, दुबेळक्याजवळ बांधा, आणि गड्यांना आधीच सांगून ठेवा की हे बांडगूळ नव्हे.

"आणि पुढच्या उन्हाळ्यात? तुमच्याकडे चैत्रात सगळं करपतं. पाणी कोण घालणार?"

"ठिबकची एक नळी फांदीवर चढवतो की," दाजी म्हणाले. "डाळिंबाला चाललीच आहे, वर चार हात जाईल. सकाळी दहा मिनिटं पुरेल ना?"

"पाच पुरतील," मी म्हटलं.