अंगठा अडकेल एवढा टाका

दिवाळीत नातू रात्री एकदम किंचाळला. दिवा लावून पाहिलं तर त्याच्या पायाचा अंगठा गोधडीच्या टाक्यात अडकलेला. सुनेने तो अलगद सोडवला, फुंकर घातली, गोधडी उलटी करून पुन्हा पांघरली आणि ‘काही नाही झालं हं’ म्हणाली. ते मुलासाठी होतं की सासूसाठी, कोण जाणे. गोधडी आजीनेच शिवलेली होती. सकाळी चार वर्षांचं ते पोर येईल-जाईल त्याला सांगत सुटलं, ‘आजीच्या गोधडीने मला धरलं.’ आई त्याला डोळे वटारून गप्प करत होती. आजीला मात्र मनातून बरं वाटत होतं. किती तरी वर्षांनी तिच्या शिवणात कुणीतरी खोट काढली होती.

खोट काढणं हा तिच्या आत्याचा प्रांत. कराडच्या घरात चैत्र संपता संपता माजघर सारवून कोरडं झालं, की आत्या जुनी लुगडी अंथरायची. खाली अखंड लुगडं, मधे विरलेली, वर त्यातल्या त्यात धड. चारी कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, अडकित्ता, जे हाताशी येईल ते. तळहाताने सुरकुत्या काठाकडे लोटायच्या, कच्चे टाके घालायचे आणि मग काठापासून आत आत धावदोरा. एक कोपरा भाचीकडे असे. शिवून झालेल्या ओळीखालून आत्या करंगळी सरकवत जायची. जिथे करंगळी शिरली तिथे थांबायची. ‘ह्यात लेकराचा अंगठा अडकंल. उसव.’

ओळ वाकडी गेलेली तिला चाले. रंग कसलाही चाले. टाका सैल चालत नसे. उसवून पुन्हा शिवताना भाचीच्या डोळ्यांत पाणी यायचं, तेव्हा आत्या चहा टाकायला उठायची. पण उसवायला लावल्याशिवाय राहायची नाही.

ती भाची, म्हणजेच नातवाची ही आजी, आता साठी ओलांडून गेलेली निवृत्त शिक्षिका आहे, पुण्यात राहते, आणि तिच्या बोटांना संधिवात होऊन बराच काळ लोटला आहे. वयाबरोबर येणारा, गुडघे कुरकुरवणारा तो नव्हे. तिचा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उठते. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार दुपटी-तिपटीने आढळतो. दोन्ही हातांच्या बोटांचे मुळाकडचे आणि मधले सांधे बहुधा आधी सुजतात. सकाळी मूठ उघडत नाही, उघडली तर मिटत नाही, आणि हे आखडलेपण तास-तासभर टिकतं. पुढे बोटं करंगळीच्या दिशेने कलतात. काहींचा मधला सांधा मागे वाकतो आणि टोक खाली झुकतं. डॉक्टर त्याला हंसाची मान म्हणतात. तिच्या डाव्या हातावर असे दोन हंस आहेत. एक सवलत या आजाराने बहुतेकांना दिलेली असते: टोकाचं पेर सहसा वाचतं. सुई तिथेच तर धरायची असते.

उपचार आहेत, आणि ते बरेच चांगले आहेत. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकूनही रोज नाही, आणि जोडीला फॉलिक अॅसिड. सप्टेंबर १९४८मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अशा एका रुग्ण बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन टोचलं. ती काही दिवसांत उठून चालायला लागली, आणि १९५०मध्ये हेंच यांना दोन सहकाऱ्यांबरोबर नोबेल मिळालं. त्या औषधाचे दुष्परिणामही लवकरच कळले. कराडच्या आळीत यातलं काहीच पोहोचलेलं नव्हतं. तिथे बोटं वाकलेल्या म्हाताऱ्यांना शेकायला विटकर देत आणि निवडायला तांदूळ.

डॉक्टर सांगतात, हातावर ताण नको, पण हात वापरात ठेवा. या दोन सूचनांच्या मधल्या फटीत तिची गोधडी बसते. ती सकाळी सुईला हात लावत नाही. अकरा वाजता बोटं जरा माणसात आली की बसते. गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मळमळतं, त्या दिवशी सुट्टी. पूर्ण मापाची गोधडी मांडीवर पेलत नाही, म्हणून ती दुपट्याएवढे तुकडे शिवते आणि ते नंतर जोडते. उजव्या तर्जनीवर सायकलच्या ट्यूबची कापलेली कडी असते. गुळगुळीत सुई चिमटीतून निसटते, ती रबराला धरून राहते आणि निम्म्या जोराने बाहेर येते. नेहमीची कात्री अंगठ्याचा जीव घेते, म्हणून शिंपी दोरे तोडायला वापरतात तो स्प्रिंगचा कटर. तो दाबला की आपोआप उघडतो. सुई ओवायला बाईच्या तोंडवळ्याची ती पत्र्याची चकती. पूर्वी ती सुईवर पाच-सहा टाके भरून एकदम ओढायची. आता दोन.

आणि टाका लांबला. त्यामागे साधा हिशेब आहे. सहा फूट बाय चार फुटांची गोधडी, ओळींमध्ये इंचाचं अंतर, इंचाला तीन टाके धरले, तर दहा हजारांवर टाके पडतात. इंचाला दोन घेतले तर सातेक हजार. म्हणजे जवळजवळ साडेतीन हजार वेळा बोटाची सुटका. गणित शिकवण्यात तिची सगळी नोकरी गेली. हा हिशेब तिने मनातल्या मनात केला आणि आत्याला न विचारता अमलात आणला.

कापड मऊ असतं तर कदाचित टाकाही लहान राहिला असता. वर्षानुवर्षं नदीवर आपटलेल्या सुती लुगड्यात सुई अशी शिरते की बोटाला पत्ता लागत नाही. आत्या गेल्यावर तिची लुगडी वहिनीने बोहारणीला घातली आणि एक स्टीलचं पातेलं घेतलं. पातेलं अजून आहे. माहेरी गेल्यावर त्यात केलेली आमटी ती वाढून घेत नाही. पोट भरलंय म्हणते. वहिनीला कारण माहीत नाही आणि आता या वयात सांगण्यात अर्थ नाही. हल्ली घरोघरी निघतात त्या सिंथेटिक साड्या. त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात, सुई अडते आणि कापड झिजून मऊ होण्याचं नाव घेत नाही.

पण तिचा खरा राग पातेल्यावर नाही, कौतुकावर आहे. बोटं वाकायला लागल्यापासून तिच्या गोधडीकडे कुणी नीट पाहिलंच नाही. आधी हातांकडे बघतात, मग ‘अगंबाई, या हातांनी!’ म्हणतात, मग फोटो काढतात. एका महिला मंडळाने तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. भाषणात ‘प्रेरणादायी’ हा शब्द आला, जिद्द आली, वेदनेवर मात आली; टाक्यांचा विषय निघाला नाही. शाल नायलॉनची होती. ती गोधडीच्या आतल्या थरालाही चालली नाही.

याच सुमारास तिला व्हॉट्सअॅपवर सगळीकडून रेन्वार येऊ लागला. फ्रेंच चित्रकार, हाच आजार, हाताला बांधलेला कुंचला, तरीही चित्रं काढणं चालूच, खाली जोडलेले हात. तिने चिडून त्याची माहिती काढली, तेव्हा तो जरा आवडायला लागला. कुंचला बांधलेला नसायचाच. बोटं मिटून नखं आणि कातडी तळव्याला घासू नयेत म्हणून फडकी गुंडाळलेली असत, आणि कुंचला कुणीतरी त्याच्या बोटांत सरकवून देई. १९१९मध्ये मरेपर्यंत तो रंगवत होता. लोक मात्र त्या शेवटच्या चित्रांवर बिनधास्त तोंडसुख घेत आले आहेत: बायका फारच गुबगुबीत, रंग फारच लाल. हे वाचून तिला त्याचा हेवा वाटला. शिवाय त्याचा बाप शिंपी होता आणि आई कपडे शिवायची. हे कुणीच फॉरवर्ड केलं नव्हतं.

तिने स्वतः इतरांच्या गोधड्या निरखून पाहिल्या त्या एकदाच, लहानपणी, आणि त्याला कारण भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयना हादरली. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. कराडमध्ये भिंती तडकल्या, आणि नंतर कित्येक रात्री घरात झोपायची कुणाची छाती होईना. ऐन थंडीत सगळी आळी मोकळ्यावर. एरवी कोनाड्यात, उतरंडीमागे असलेल्या घरोघरच्या वाकळा त्या रात्री कंदिलाच्या उजेडात शेजारी शेजारी पसरल्या होत्या. जमीन मधूनच हलत होती, बायका देवाचं नाव घेत होत्या, आणि आत्या भाचीला कुशीत घेऊन हलक्या आवाजात सांगत होती: ती बघ सावकारांची, वरून रेशीम आणि टाके वीतभर. आणि ती कोपऱ्यातली, चिंध्यांचीच आहे, पण हात काय आहे बघ बाईचा. ती कोपऱ्यातली वाकळ ज्या बाईची होती तिला एका डोळ्याने दिसत नसे. आत्याने हे तेव्हा सांगितलं नाही. भाचीला ते पुष्कळ पुढे, दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

दुखण्याबद्दल आत्या काय म्हणाली असती, याचा ती कधी कधी विचार करते. तो विचार आला की तिला आनंदवन आठवतं. शाळेच्या सहलीबरोबर ती एकदा वरोऱ्याजवळ तिथे गेली होती. बाबा आमट्यांनी १९४९मध्ये कुष्ठरुग्णांसाठी सुरू केलेलं हे गाव. तिथे हातमागावर आखडलेल्या बोटांनी कापड विणणारी माणसं तिने पाहिली. तेव्हा तिची बोटं सरळ होती आणि तिने बाकीच्यांसारखीच मान हलवून वाहवा केली होती. त्या आजारातलं मर्म तिला नंतर समजलं. कुष्ठरोगाचे जंतू नसांवर घाला घालतात आणि बोटांची संवेदना जाते. वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून अशा वाकड्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. बोटं झडतात ती मुख्यतः न दुखल्यामुळे, हे त्यांनी दाखवून दिलं: भाजलं तरी कळत नाही, टोचलं तरी कळत नाही, जखम चिघळते. म्हणून अशा माणसाने रोज हात उलटसुलट करून डोळ्यांनी तपासायचे असतात. तिला सुई टोचली की ब्रह्मांड आठवतं. ते आठवणं ही चैन आहे, असं मानायला ती तयार नाही. पण हात तपासायची सवय तिनेही उचलली. दिवसाच्या शेवटी ती आधी बोटं बघते, मग टाके.

कॅलिफोर्नियातली पुतणी मध्यंतरी फोटो पाठवत होती एका अवाढव्य गोधडीचे. एड्सने गेलेल्यांच्या आठवणीसाठी ऑक्टोबर १९८७मध्ये वॉशिंग्टनच्या हिरवळीवर १,९२० तुकडे मांडले गेले, प्रत्येक तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे माणसाच्या थडग्याएवढा. आता ते पन्नास हजारांच्या घरात आहेत, सगळ्यांचं वजन चोपन्न टन, आणि त्यांचा सांभाळ सॅन फ्रान्सिस्कोतली एक संस्था करते. ज्यांनी तुकडे शिवले त्यांतले काही स्वतःच आजारी होते आणि पुढे त्यांच्याही नावाचे तुकडे झाले. तिने फोटो मोठे करून पाहिले. जीन्सचे खिसे, टिकल्या, खेळण्यातली अस्वलं, डिंकाने चिकटवलेली अक्षरं. टाके बघायची तिची खोड इथे लागू पडेना. ज्याने आयुष्यात पहिल्यांदाच सुई हातात घेतली आहे त्याच्या ओळीखालून करंगळी फिरवायची नसते, एवढं तिला मान्य झालं. पुतणीला मात्र तिने एवढंच विचारलं, हे धुतात कसं?

धुवायची गोधडी वेगळी, हा तिचा मुद्दा. घट बसायच्या आधी कराडला घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण कृष्णेवर जायचं. घाटावर पाय ठेवायला जागा नसे. ओली वाकळ कुठल्याच बाईला एकटीने पेलत नाही, धडधाकट असली तरी. एक टोक हिने, एक तिने धरून पिळायची, आणि दोघींनीही आपापल्या उजवीकडेच पीळ द्यायचा. समोरासमोर उभं राहिल्यावर तो आपोआप उलटा पडतो. यासाठी भांडण झालेल्या जावाही तेवढ्यापुरत्या बोलत.

पुण्याच्या फ्लॅटमधलं यंत्र मोठी गोधडी घेतं खरं, पण पिळताना सगळं ओझं एका बाजूला जाऊन ते जागचं हलतं, म्हणून धुणं गच्चीवरच. पिळण्याची हालचाल तिच्या मनगटांना वर्ज्य आहे. ती स्टुलावर बसून हुकूम सोडते. एका टोकाला मुलगा, दुसऱ्या टोकाला वॉचमन. ‘दोघांनी आपापल्या उजवीकडे,’ ती सांगते. मुलगा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, समोरासमोर आहोत तर एकाने डावीकडे फिरवायला हवं, आणि डावीकडे फिरवतो. गोधडी नुसतीच गोल फिरते, पाणी जागचं हलत नाही.

‘दादा, तुम्ही सोडा. मी हे टोक नळाला बांधतो,’ वॉचमन म्हणतो.

नळाला अजिबात नको, मागे एकदा तोटी उपटून आली होती, असं ती तिकडून ओरडते.