टिकलीखालचे कपाळ

आईच्या कपाळावरचा पांढरा डाग आम्हांला प्रथम दिसला तो तिच्या आजारपणात. तापाच्या घामाने टिकली निघाली होती आणि तिच्या जागी, बरोबर तिच्याच आकाराचा, रंग उडालेला एक वाटोळा ठिपका होता. आईने चटकन पदर कपाळावर ओढला. पुढे कळले, की दोन वर्षांपासून तिला तो ठाऊक होता. डाग वाढला की ती मोठी टिकली आणी. ताईसाठी तेव्हा स्थळे पाहणे चालू होते आणि ‘मुलीच्या आईला कोड आहे’ हे वाक्य किती दूरवर पोचते, याची तिला पुरती जाणीव होती.

त्वचारोगतज्ज्ञांनी डाग पाहिला आणि टिकल्यांचे पाकीट मागितले. टिकलीमागच्या चिकट थरात पुष्कळदा पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल या द्रव्यापासून केलेली राळ असते. या द्रव्याची रचना टायरोसीन या अमिनो आम्लाशी मिळतीजुळती आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी टायरोसीनपासून मेलॅनिन घडवतात. या सारखेपणामुळे त्या हे परके द्रव्यही त्याच कामाला जुंपतात, आणि त्यातून निपजणारा पदार्थ त्यांच्याच जिवावर उठतो. म्हणजे जी टिकली डाग झाकत होती, तीच तो वाढवीत होती.

हा प्रकार काही आपल्याकडचाच नाही. चामडे कमावणाऱ्या अमेरिकी कामगारांचे हात रबरी हातमोज्यांतल्या अशाच एका फिनॉलवर्गीय रसायनाने पांढरे पडल्याचे १९३०च्या दशकाच्या अखेरीस आढळले होते. जपानमध्ये २०१३ साली कानेबो या कंपनीला त्वचा उजळवणारी आपली उत्पादने बाजारातून परत घ्यावी लागली. त्यांतल्या रोडोडेंड्रॉल या द्रव्याने १९ हजारांहून अधिक ग्राहकांच्या त्वचेवर पांढरे डाग उमटले होते. उजळपणाची हौस अशा रीतीने फेडली गेली.

‘म्हणून जुने तेच चांगले’, असे म्हणण्याचा मोह होतो. मेणावर टेकवलेले हळदीचे कुंकू बिनधोक होते, हे बहुतांशी खरे. पण परंपरेनेच आपल्याला शेंदूरही दिला, आणि तो शिशाचा ऑक्साइड. हिंगूळही दिला, आणि तो पारा व गंधक यांचे संयुग. आज ‘कुंकू’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकटीत हळद किती आणि कृत्रिम रंग किती, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. प्रश्न जुन्यानव्याचा नाही. आपण काय लावतो आहोत हे कळण्याचा आहे. आईच्या पाकिटावर देवीचे चित्र होते, किंमत होती. डिंकाबद्दल अवाक्षर नव्हते. ज्या वस्तूला आपण ‘सौभाग्यलेणे’ म्हणतो, तिचे घटक विचारणेही आपल्याला अभद्र वाटत असावे.

आईने टिकली सोडली. घरी केलेल्या कुंकवाचे बारीक बोट ती लावू लागली. दीडेक वर्षात डाग कडेने भरत आला. पुरता मात्र गेला नाही. ताईला पाहायला आलेल्या मंडळींसमोर ती तशीच बसली आणि कुणी विचारण्याआधीच म्हणाली, “हे कोड नाही हो, टिकलीच्या डिंकानं झालंय.” सगळ्यांचे चेहरे सैलावले. आमचेही.

त्या सैलावण्याची मला आज लाज वाटते. आमची सुटका रसायनशास्त्राने केली, पण ती ‘आमचे ते खरे कोड नव्हे’ एवढ्यापुरतीच. ज्यांचे खरे असते, तेही कुणाला स्पर्शाने होत नाही, त्याने जिवाला धोका नसतो. तरीही त्यांना दाखवायला असे पाकीट नसते. डिंकाने आईच्या कपाळाचा रंग नेला हे खरे. पण दोन वर्षे तिला त्याच डिंकाखाली लपून राहायला लावले ते आम्ही, आणि आमच्यासारख्याच त्या पाहुण्यांनी.