नवेगावबांध : शेतकऱ्याने बांधलेला तलाव

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर भंडारा सोडले की लाखनी येते. बहुतेक गाड्या इथे चहापुरत्या थांबतात आणि साकोलीकडे निघून जातात. गाडीतल्या माणसांना उजवी-डावीकडे धानाच्या बांध्या दिसतात, मधूनमधून एखादा तलाव दिसतो, मग जंगल सुरू होते. हा रस्ता वाघांच्या वाटेवर आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. उत्तरेला नागझिरा आणि कोका, दक्षिणेला नवेगाव. ही सगळी मिळून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच वर्षी नागझिऱ्याचा ‘जय’ नावाचा वाघ इथून निघून थेट उमरेड-करांडल्याच्या जंगलात गेला. नकाशा पाहा, हा महामार्ग आणि वैनगंगा ओलांडल्याशिवाय तो तिकडे पोहोचूच शकत नव्हता. २०१६ च्या एप्रिलनंतर तो कुणाला दिसला नाही.

पण वाघासाठी आलेली माणसे नागझिऱ्याला जातात. कुटुंबासह, मुले आणि वडीलधारी घेऊन जायचे असेल तर आमची पसंती नवेगावबांधला. साकोलीच्या पुढे कोहमारा फाट्यावरून दक्षिणेला वळायचे. पहाटे लाखनीतून निघालो तर न्याहारी तलावाच्या पाळीवर होते. आम्ही घरून पराठे, कबाब आणि लोणचे बांधून नेले होते. पाळीवर दस्तरखान अंथरला आणि अम्मींनी पहिला घास घेण्याआधी समोर पाहिले तेव्हा त्यांच्या तोंडून ‘सुभानअल्लाह’ निघाले. जवळजवळ ११ चौरस किलोमीटर पाणी, भोवती डोंगर, आणि पाण्याच्या दूरच्या कडेला काळे ठिपके. दुर्बीण लावली की ठिपक्यांची बदके होतात.

हा तलाव निसर्गाने केलेला नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील नावाच्या कोहळी शेतकऱ्याने तो बांधला. दोन डोंगरांच्या मधली फट मातीच्या पाळीने बंद करायची आणि जंगलातून वाहून येणारे पावसाचे पाणी अडवायचे, एवढीच युक्ती. पण ती फट कोणती, पाळ किती उंच, सांडवा कुठे, हे ठरवायला यंत्र नव्हते, नजर होती. भोवतीच्या डोंगरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. कोहळ्यांनी या भागात असे शेकडो तलाव आणि बोड्या बांधल्या. जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन, अशी गोंड राजांची रीत होती, असे सांगतात. हेतू साधा होता, धान पिकवायचे. सांबर, अस्वल, पाणमांजर किंवा परदेशातून येणारी बदके कुणाच्या मनातही नसणार. ती मागाहून आली आणि राहिली. १९७५ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झाले ते त्यांच्यासाठी, आणि ती इथे आहेत ती बऱ्याच अंशी कोलू पाटलाच्या पाण्यामुळे. जंगल राखायचे म्हणजे माणसाला दूर ठेवायचे, एवढेच ज्यांना वाटते त्यांनी ही पाळ एकदा पाहावी.

वाटेत ‘मामा तलाव’ अशी पाटी लागली तेव्हा मागच्या सीटवरून प्रश्न आला, “अब्बा, हा कुणाचा मामा?” मामा म्हणजे माजी मालगुजारी. इंग्रजांच्या काळात हे तलाव मालगुजारांकडे होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. कागदावर हे चांगलेच झाले. पण दरवर्षी उन्हाळ्यात गाळ काढणारे, पाळीवरची भगदाडे बुजवणारे हात आता कुणाचे, हे ठरलेच नाही. गाळ साचत गेला. कडेने बेशरम वाढली. हे झाड नावासारखेच आहे, उपटून फेकले तरी जिथे पडेल तिथे रुजते. पाण्याखालच्या ज्या वनस्पतींत मासे अंडी घालतात त्या नाहीशा झाल्या. मग मासे कमी झाले, माशांवर जगणारे पक्षी कमी झाले आणि ढीवरांच्या जाळ्यातही काही येईना.

याच अर्जुनी-मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर समाजाला बरोबर घेऊन काही लहान तलाव पुन्हा उभे केले. बेशरम मुळासकट काढली, तळ नांगरला, आणि स्थानिक पाणवनस्पती रोपांसारख्या हाताने लावल्या. पाण्यात उभ्या राहून हे काम करणाऱ्यांत स्त्रिया पुढे आहेत. कोणती वनस्पती कोणत्या माशाला हवी, हे त्यांना घरच्या बोलण्यातूनच माहीत होते. देशी मासे परतले, मागोमाग पक्षीही.

पक्ष्यांविषयी दोन नावे घरातल्या मुलांना सांगायलाच हवीत. एक मारुती चितमपल्ली. वनाधिकारी म्हणून ते इथे राहिले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून गेले. दुसरे डॉ. सालिम अली. मुंबईच्या बोहरा घराण्यातले हे मूल लहानपणीच पोरके झाले आणि मामांकडे, अमिरुद्दीन तय्यबजींकडे वाढले. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली एक चिमणी वेगळी दिसली, गळ्यावर पिवळा डाग होता. भाच्याचे कुतूहल पाहून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. (हाही मामाच, असे आमच्या मुलाने लगेच दाखवून दिले.) चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. महाराष्ट्र सरकार या दोन तारखांमधले दिवस पक्षी सप्ताह म्हणून पाळते. नेमके तेव्हाच पाहुणे पक्षी तलावावर उतरू लागतात, म्हणून दिवाळीची सुट्टी इथे घालवणे सोयीचे. तलवार बदक, लालसरी, कधी पट्टकादंब. बारमाही राहणारे कमळपक्षी, पाणकावळे आणि जांभळी पाणकोंबडी तर कडेनेच दिसतात. सफारीसाठी मात्र आधी नोंदणी करा; पावसाळ्यात जंगल बंद असते.

सारस मात्र तलावावर दिसेलच असे नाही. माणसाएवढा उंच, लाल मानेचा हा करकोच्यासारखा पक्षी महाराष्ट्रात आता जवळजवळ फक्त गोंदिया-भंडाऱ्यात उरला आहे. गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था वन विभागाबरोबर त्याची गणना करते आणि अलीकडच्या गणनांत आकडा पन्नासच्या आतच राहिला आहे. विजेच्या तारांनी आणि शेतातल्या विषारी फवारण्यांनी त्याचा घात होतो. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रश्नात लक्ष घातले. तो राखीव जंगलात राहत नाही, हीच त्याची अडचण. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत, उभ्या पिकाच्या मधोमध, काड्यांचा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालतो. त्या घरट्यापायी थोडे धान मोडते. पिले बाहेर पडेपर्यंत, म्हणजे महिनाभर, त्या बांधीत पाय ठेवायचा की नाही, हे तिथला शेतकरी ठरवतो.