रत्नागिरी : चार टेबलं आणि एक डबा

वीकएंडला रत्नागिरीला निघालात? आंबे आणि बीच ठीक आहे हो, पण जेवायचं कुठे? एका रत्नागिरीकर मुलीने आपल्याच गावात टुरिस्ट होऊन घेतलेला हा शोध!

पुण्यातल्या आमच्या ग्रुपमध्ये मी ‘रत्नागिरीची’ म्हणून फेमस. त्यामुळे एप्रिल उजाडला की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, ‘पेटी कितीला?’ आणि दुसरा, ‘अगं, तिकडे जेवायला मस्त हॉटेल कुठलं?’ पहिल्याचं उत्तर पाठ आहे. दुसऱ्याला मात्र दरवर्षी माझं त-त-प-प!

कारण सिंपल आहे. अठरा वर्षं त्या गावात काढली, पण बाहेर किती वेळा जेवले ते बोटांवर मोजता येईल. ‘अगो, घरात सगळं असताना बाहेर कशाला?’ हा आमच्या आजीचा फंडा. पाव्हणा आला तरी तो घरीच जेवणार. आमच्याकडे हॉटेल म्हणजे एसटी चुकलेल्यांची सोय!

यंदा म्हटलं, बस्स. शुक्रवारी मुंबईत काम होतं, ते आटोपून रात्रीची कोकणकन्या पकडली आणि पहाटे रत्नागिरीत उतरले. सोबतीला शाळेतली बेस्ट फ्रेंड. ती राजिवड्यातली, आता गावातच बँकेत नोकरी करते. दहा वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. मधल्या सुट्टीत कैऱ्या, चिंचा, लोणच्याच्या फोडी सगळं वाटून खाल्लं. पण एक गोष्ट या ट्रिपमध्येच लक्षात आली. ती सांगते पुढे.

टेबल पहिलं : बाजारातला नाश्ता

शनिवारी सकाळी रामआळीत. इथे ‘अँबियन्स’ वगैरे विसरा. लाकडी बाक, स्टीलचा ग्लास, बाजूला बाजाराची लगबग. मी घावन आणि नारळाची चटणी मागवली. गरम, जाळीदार, तोंडात विरघळणारं. मैत्रिणीने मात्र सरळ मिसळ घेतली.

‘कोकणात येऊन मिसळ?’ माझ्यातली पुणेकरीण जागी झाली.

‘आंबा घाट चढलीस की कोल्हापूर. आपला मासा वर जातो, त्यांची भाजी खाली येते. मग रस्सा नाही का उतरणार?’

पॉइंट होता! फक्त घाट उतरता उतरता तर्री जरा शांत झालेली. डोळ्यांत पाणी नाही, पण दुसरा पाव मागायला लावणारी.

टेबल दुसरं : फोन केल्याशिवाय नाही

दुपारी टिळक आळीच्या बाजूला. 1856 मध्ये लोकमान्य टिळकांचा जन्म याच गावात झाला, ते जन्मस्थान पाहायला टुरिस्ट येतात. पण आसपासच्या घरांत पोटाची कुठली सोय होते ते विचारल्याशिवाय कळत नाही. आम्ही गेलो त्या खानावळीला बोर्डसुद्धा नव्हता. पडवीत चार टेबलं, आणि आदल्या रात्री फोन केला असेल तरच जेवण. ‘मोदक आहेत का’ असं इथे विचारायचं नसतं, ‘मोदक करा’ असं आधी सांगायचं असतं. पीठ उकडायचं, कळ्या पाडायच्या, त्याला हाताला हात लागतो.

पानात कुयरीची भाजी, ओल्या काजूची उसळ, वरणभात, सोलकढी. काकूंनी वाढता वाढता कोकणातला राष्ट्रीय प्रश्न टाकला, ‘आडनाव काय गो तुझं?’ मी सांगितलं. मग मैत्रिणीला. तिने सांगितलं.

काकूंचा डाव हवेत थांबला. एखादाच सेकंद असेल. मला मात्र घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मग त्यांनी तिच्या मोदकावर तुपाची धार सोडली. ‘घे नीट. लाजतेस काय?’

बाहेर पडल्यावर मी काही बोलणार, तोच ती हसली. ‘सोड गं. तूप तुझ्यापेक्षा मला जास्त मिळालं.’

या गावात कोण कुणासोबत जेवतं, हा प्रश्न जुना आहे. 1924 ते 1937 या काळात सावरकर इथे स्थानबद्ध होते. त्या वर्षांत इथे सहभोजनं झाली. 1931 मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून उभं राहिलेलं पतितपावन मंदिर सगळ्या जातींच्या हिंदूंना खुलं झालं. आणि 1933 मध्ये चक्क एक हॉटेल निघालं, अखिल हिंदू उपाहारगृह. एका बाकावर कुणीही शेजारी बसेल आणि चहा ‘अस्पृश्य’ मानलेल्या माणसाच्या हातचा असेल, यासाठीच ते काढलेलं. आज आपण कॅफेत शेजारच्या टेबलावर कोण आहे ते बघतही नाही. त्या काळी तिथला एक कप चहा पिणं म्हणजे घरी भांडण ओढवून घेणं होतं.

मात्र पाटीवर ‘हिंदू’ हा शब्द होता. माझी मैत्रीण त्या शब्दाच्या बाहेरच राहिली असती.

उन्हं कलल्यावर थिबा राजवाड्याकडे चक्कर मारली. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा याला पदच्युत केलं आणि पुढच्याच वर्षी त्याला इथे आणून ठेवलं. हा राजवाडा 1910 मध्ये बांधून झाला आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. तीस वर्षं परक्या गावचं अन्न खाल्लेला पाहुणा! त्याला कधी कुणी घरी जेवायला बोलावलं असेल का, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदाच डोक्यात आला.

टेबल तिसरं : आज आलंय काय?

रात्री मांडवीच्या बाजूला मच्छी थाळी. इथे एक टीप फुकट. मेन्यूकार्ड बाजूला ठेवा आणि वेटरला विचारा, ‘आज काय आलंय?’ सुरमई-पापलेटचा हट्ट धरलात, तर शीतपेटीतला मासा ताटात येण्याची शक्यता जास्त, आणि किंमत आकाराप्रमाणे. त्यापेक्षा मिरकरवाड्याच्या बंदरात त्याच दिवशी उतरलेला बांगडा किंवा मांदेली घ्या. स्वस्त आणि ताजी!

आम्हाला तिरफळं घातलेलं बांगड्याचं सार मिळालं, बरोबर तांदळाची भाकरी आणि कुरकुरीत मांदेली. शेजारच्या टेबलावर कोल्हापूरची फॅमिली, पलीकडे खलाशी, कोपऱ्यात लॅपटॉपवाला एकटा जीव. आडनाव कुणीच विचारलं नाही. सगळ्यांचं लक्ष काट्यांकडे!

टेबल चौथं : घरचं

रविवारी मी म्हटलं, ‘आता तुमच्याकडचं अस्सल कोकणी मुस्लिम जेवण मिळेल असं हॉटेल दाखव.’

ती थांबली. ‘हॉटेलात बिर्याणी मिळेल, चायनीज मिळेल. आमचं जेवण घरी होतं.’ मग म्हणाली, ‘दहा वर्षं बोलावत होते. तू आलीसच नाहीस.’

हीच ती गोष्ट. घरी मला कुणी ‘जाऊ नको’ असं कधी म्हटलं नव्हतं. ‘उशीर होईल’, ‘क्लास आहे’, ‘पुढच्या वेळी जा’ एवढंच. आणि मीसुद्धा कधी ‘का’ विचारलं नाही.

राजिवड्यातल्या त्या घरात दस्तरखानावर दोन बाजू मांडलेल्या होत्या. एकीकडे मटणाची आखणी, म्हणजे रश्श्यात शिजवलेला भात. दुसरीकडे भाजी, डाळ आणि सांदणं. तिच्या अम्मी म्हणाल्या, ‘तू काय खातेस ते माहीत नव्हतं. हे सगळं नव्या भांड्यात केलंय, बेटा. काळजी करू नको.’

माझ्यासाठी भांडं विकत आणलेलं! मला काय बोलावं सुचेना. मी दोन्हीकडचं घेतलं, आणि आखणी दोनदा.

सांदणं मात्र लक्षात राहिली. आमच्या घरी ती फणसाच्या रसातली, पिवळी. इथे नारळाच्या दुधातली, पांढरीशुभ्र. नाव एकच. निघताना अम्मींनी स्टीलच्या डब्यात सहा भरून दिली, ‘आजींना दे’ म्हणून.

आजीने झाकण उघडून पाहिलं. ‘कोणी केली?’

मी सांगितलं. खोटं बोलायचा मोह झाला होता, पण सांगितलं.

‘हं,’ ती म्हणाली आणि डबा फडताळात ठेवून दिला. मी पुढे काही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी निघताना तोच डबा माझ्या बॅगेशेजारी होता. लख्ख घासलेला, आणि आत गेल्या वर्षीच्या आंब्याची साठं.

‘वाटेत तिच्याकडे देऊन जा,’ आजी म्हणाली. ‘रिकामा डबा परत करू नये.’

जाताय? मग हे वाचाच!

कसं जाल : कोकण रेल्वे बेस्ट. एप्रिल-मेचं बुकिंग लवकर करा. स्टेशन गावाबाहेर आहे, पुढे रिक्षा.

कधी : आंबा, फणस, ओले काजू हवेत तर एप्रिल. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मच्छीचा हट्ट नको.

खानावळ : आदल्या दिवशी फोन करा. मोदक मोजून सांगा आणि सांगितलेत तितके संपवा.

मस्ट डू : त्या गावातल्या कुणी घरी जेवायला बोलावलं तर ‘पुढच्या वेळी’ म्हणू नका!